शल्यविद्येसाठी सातासमुद्रापार

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारातील फुलांच्या राशी ओलांडून आपण जुन्या किल्ल्याकडे निघालात, म्हणजे थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया रुग्णालयाचे आवार लागते. म्हैसूर संस्थानाने बांधलेल्या या रुग्णालयाचे उद्घाटन १९०० सालच्या डिसेंबरात लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले. त्याच्या लगतच स्त्रिया व बालके यांच्यासाठी १९३५ साली उघडलेले वाणीविलास रुग्णालय आहे. १९५५ मध्ये बंगळूरचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि तेव्हापासून या रुग्णालयांतील खाटांपाशी उभे राहून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वैद्यक शिकल्या. मराठी मुलखातून आलेला विद्यार्थी येथे पहिल्या आठवड्यात जे कानडी शिकतो, ते बहुधा दोनच शब्दांचे असते : ‘एल्लि नोवु?’ म्हणजे, कुठे दुखते? पाठ्यपुस्तक इंग्रजीत असले, तरी दुखणे ज्याच्या त्याच्या मातृभाषेतच सांगितले जाते.

वैद्यकाची पदवी हाती येत असतानाच या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या मनात दुसरी एक गोष्ट घोळू लागते. सर्जन व्हावयाचे, परंतु येथे, की विलायतेस, अमेरिकेत, जर्मनीत? वाचकहो, आपल्या घरात, किंवा शेजारच्या घरात, हा प्रश्न निघालाच नसेल असे नाही. तो निघाला, की वडील पैशाचा हिशेब मांडतात, आईला अंतराची काळजी लागते आणि मुलगा किंवा मुलगी परीक्षांच्या तारखा पाहू लागते. हे सर्व योग्यच आहे. तथापि एक प्रश्न या चर्चेत बहुधा राहून जातो आणि माझ्या मते तो सर्वांत आधी विचारावयास हवा. तेथे गेल्यावर आपल्या मुलाच्या हाती शस्त्र कोण देणार, आणि केव्हा?

कारण शल्यविद्या हे इतर विद्यांसारखे केवळ शिक्षण नाही. ती उमेदवारी आहे. सुताराचा किंवा सोनाराचा मुलगा जसा आधी पाहतो, मग हत्यार पुढे करतो, मग एखादा सोपा सांधा जुळवतो आणि वर्षानुवर्षांनी सबंध काम अंगावर घेतो, तसेच येथे घडते. फरक इतकाच, की सुताराची फळी बिघडली तर दुसरी आणता येते. म्हणून ज्येष्ठ सर्जन शेजारी उभा राहून, आपल्या नावावर जबाबदारी घेऊन, धाकट्याच्या हाती शस्त्र देतो, तेव्हाच खरे शिक्षण सुरू होते. पदव्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. असा शेजारी उभा राहणारा माणूस दुर्मिळ.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीकडे पाहू. तिचे नाव डॉ. जेरुशा झिराड.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील शिमोग्याचा, १८९० च्या सुमाराचा. घराणे बेने इस्रायल, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या, तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या जाणाऱ्या मराठीभाषी ज्यू समाजातले. शाळा पुण्यास झाली. मुलगी अकरा वर्षांची असताना तिची बहीण अत्यवस्थ झाली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात बरी झाली. १८८६ साली उघडलेले हे रुग्णालय स्त्रियांसाठीच होते आणि तेथे उपचार करणाऱ्याही स्त्रियाच होत्या. आपणही डॉक्टर व्हावयाचे, हे त्या मुलीने तेव्हाच ठरविले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून तिने आपला अभ्यासक्रम पुरा केला. पुढचे शिक्षण, विशेषतः प्रसूती व स्त्रीरोगांवरील शस्त्रक्रियांचे, विलायतेस घ्यावे, अशी तिची इच्छा होती. अडचण अशी, की सरकारी शिष्यवृत्त्या पुरुषांना मिळत.

येथे टाटांच्या निधीचा उल्लेख करावयास हवा, कारण त्याचा उपयोग आजच्या वाचकालाही होण्यासारखा आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी हा निधी स्थापन केला. त्यातून मिळणारी मदत ही देणगी नव्हे, कर्ज होते. शिकून कमावू लागल्यावर ते फेडावयाचे, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला तोच पैसा मिळेल. या निधीचा लाभ अगदी सुरुवातीस ज्यांना झाला, त्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या, आणि दोघींचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. जेरुशाबाईही टाटांच्या अशाच कर्जाऊ मदतीवर लंडनला गेल्या. पुढे भारत सरकारची शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. ती मिळवून विलायतेस शिकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हा निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्त्या देतो.

१९१४ साली महायुद्ध पेटले. लंडनमधले तरुण डॉक्टर फौजेबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि रुग्णालयांतील जागा रिकाम्या पडू लागल्या. स्त्रियांना आजवर बंद असलेली कित्येक दारे त्या निकडीने उघडली. युद्ध संपल्यावर त्यांतील बरीचशी पुन्हा लागली, हेही लगेच सांगून टाकतो. कारण परक्या देशाने गरजेपोटी उघडलेले दार आणि विद्यार्थ्यासाठी उघडलेले दार यांतला भेद तेव्हाही होता आणि आजही आहे. जेरुशाबाईंनी या काळात एलिझाबेथ गॅरेट अँडरसन रुग्णालयात काम केले. या रुग्णालयाची गोष्ट अशी, की तेथे रोगी स्त्रिया होत्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याही स्त्रियाच. म्हणजे धाकट्या डॉक्टरबाईच्या शेजारी उभी राहून तिच्या हाती शस्त्र देणारी ज्येष्ठ डॉक्टरबाई तेथे होती. मुंबईहून निघालेल्या मुलीला लंडनमध्ये जे मिळाले, ते हे. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांना मिळाली. त्या पदवीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ती कागदावर आहे, आणि बंगळूरला त्यांनी जे आणले ते कागदावर मावणारे नव्हते.

होय, बंगळूरलाच. स्वदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीत काम केले आणि नंतर १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंगळूरच्या प्रसूतिरुग्णालयात ज्येष्ठ सर्जन म्हणून त्या होत्या. वाणीविलास रुग्णालय तेव्हा उभेही राहिले नव्हते. त्या काळच्या प्रसूतिगृहातील सर्जनपुढे कोणती कामे येत, याची कल्पना आज आपल्याला करून घ्यावी लागते. पेनिसिलिन नव्हते. सल्फाची औषधे येण्यास आणखी दहा-पंधरा वर्षे होती. बाळंतज्वरावर त्यांचा गुण दिसला तो १९३६ साली, लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात. रक्तपेढी हा शब्दही कोणास ठाऊक नव्हता. अडलेली बाई दोन-दोन दिवस घरी सुईणीच्या हाताखाली राहून मग बैलगाडीतून आणली जाई, आणि तोवर आत जंतूंचा शिरकाव झालेला असे. अशा वेळी पोट फाडून मूल काढावे, तर जंतू पोटभर पसरून आई दगावण्याचे भय. न काढावे, तर दोघेही जाण्याचे भय. गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर छेद घेतल्यास हे भय कमी होते, असे ग्लासगोचे मन्रो कर त्याच दशकात आग्रहाने सांगत होते. परंतु छेद कोठे घ्यावा हे पुस्तकात वाचता येते; घ्यावा की घेऊ नये, हे मात्र दाराशी आलेल्या बाईची नाडी हातात धरूनच ठरवावे लागते. आणि ज्या घरांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येण्यापेक्षा मरण पत्करीत, त्यांच्यासाठी तर ही नाडी धरणारा हात स्त्रीचाच असावा लागे.

बंगळूरनंतर त्या मुंबईस गेल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे होती. बहीण जेथे वाचली, त्याच रुग्णालयाची. तेथे त्यांनी जे काम केले, त्यातील मला सर्वांत मोलाचे वाटते ते शस्त्रक्रियागृहाबाहेरचे आहे. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया का मरतात, याचा त्यांनी पद्धतशीर शोध घेतला आणि १९४१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीने शस्त्र चालविण्याचे शिक्षण घेण्यासाठी समुद्र ओलांडला, तीच शस्त्राची पाळी येऊ नये म्हणून मृत्यूंची कारणे शोधत होती. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये त्या निवर्तल्या.

आता एक गोष्ट थोडी आडवाटेने सांगतो. बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना श्रीरंगपट्टण लागते. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा एक बैलगाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ कुंभारकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह त्याचे वर्णन छापून आले. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांच्या वाचनात ते आले. त्यांनी प्रेतांवर सराव केला, योग्य रोग्याची वाट पाहिली, आणि अशी पहिली शस्त्रक्रिया केली ती १८१४ साली. म्हणजे मधली वीस वर्षे गेली. पुण्याच्या त्या कारागिराजवळ उभे राहून ज्याने दोन-चार नाके करविली असती, त्याला कदाचित सहा महिने पुरले असते. पाहून, वाचून शिकणे आणि हाताखाली शिकणे यांतले अंतर याहून स्पष्ट मी तरी कोठे पाहिलेले नाही.

या गोष्टीचा उत्तरार्ध विसाव्या शतकात घडला, आणि तो उलट दिशेने. हुबळीत १९२२ साली जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नोशीर अंतिया विलायतेस गेले आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे दुरुस्त करून ज्यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरी घडविली, त्या सर हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली राहिले. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांकडे त्यांचे लक्ष गेले. कुष्ठरोगात नाक आतून बसते. जंतू मेला, रोग बरा झाला, तरी त्या बसलेल्या नाकाने माणूस ओळखला जातो आणि गाव त्याला परत घेत नाही. गिलीज यांच्याकडे शिकलेली नाक उचलण्याची रीत अंतियांनी या लोकांसाठी वापरली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग त्यांनी उभारला. पुढे खेड्यांतील आरोग्यसेविकांच्या कामाकडेही ते वळले. इंग्लंडात राहिले असते, तर श्रीमंतांची नाके सुधारून सुखाने राहिले असते. तसे राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण कोंढव्याची नाके मग कोणी उचलली असती?

इतिहासाचे इतके पुरे. आजच्या घरात आपण येऊ.

पूर्वी भारतातील पदवीवर विलायतेत नोंदणी मिळे. ती सरळ वाट दोनदा बंद झाली. पहिल्यांदा १९३० साली. आणि योगायोग असा, की तेव्हाच्या वादाचे एक मूळ आपल्या महाविद्यालयांतील प्रसूतिशास्त्राच्या अपुऱ्या प्रत्यक्ष शिक्षणात होते. त्या अपमानातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. ती मान्यता पुढे परत मिळाली, आणि दुसऱ्यांदा १९७५ मध्ये गेली. तेव्हापासून भारतीय पदवीधराला तेथे परीक्षा देऊन आपली योग्यता सिद्ध करावी लागते. आजची ‘प्लॅब’ ही परीक्षा त्याच परंपरेतील. तिचा पहिला, लेखी भाग भारतात देता येतो. दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. सर्जन होऊ इच्छिणारे शिवाय रॉयल कॉलेजची एम.आर.सी.एस. ही परीक्षा देतात.

येथेच बहुतेक कुटुंबांची गल्लत होते, म्हणून सावकाश सांगतो. नोंदणी ही एक गोष्ट. नोकरी ही दुसरी. आणि शिक्षणाची जागा ही तिसरी. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने नोंदणी मिळते, म्हणजे रोगी तपासण्याचा अधिकार मिळतो. नोकरी मिळाली, म्हणजे पगार मिळतो. परंतु ती नोकरी रात्रपाळीत वॉर्ड सांभाळण्याचीही असू शकते आणि त्या नोकरीत वर्षानुवर्षे काढूनही शस्त्रक्रियागृहात दुसऱ्या सहायकाच्या पुढे जाता येत नाही, असे घडते. ब्रिटनमध्ये सर्जन घडतो तो शिक्षणाच्या जागेवर : दोन वर्षे पायाभूत आणि नंतर सुमारे सहा वर्षे विशेष शाखेची. या जागा थोड्या आहेत आणि त्यांसाठीची चढाओढ अलीकडे फार वाढली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्ययोजनेत ब्रिटिश सरकारने अशा जागांवर आपल्या देशातील पदवीधरांना आणि तेथील सेवेत बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. आपला मुलगा परीक्षेत उत्तम गुण मिळवील यात मला शंका नाही. परंतु जागेचा प्रश्न गुणांनी सुटत नाही.

अमेरिकेची रीत निराळी, आणि एका अर्थी अधिक सरळ. तेथे उमेदवारी हीच नोकरी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसविली; वर्षागणिक जबाबदारी वाढवीत न्यावयाची, हे तिचे सूत्र. गंमत अशी, की हॉल्स्टेड स्वतः तरुणपणी व्हिएन्ना व जर्मनीतील शल्यगृहे पाहून आले होते. म्हणजे अमेरिकनांनीही ही विद्या परदेशीच घेतली. आज तेथे सर्वसाधारण शल्यविद्येची उमेदवारी पाच वर्षांची, मेंदूच्या शस्त्रक्रियेची सात वर्षांची. तीत शिरण्यासाठी ‘यू.एस.एम.एल.ई.’च्या परीक्षा, परदेशी पदवीधरांसाठीचे प्रमाणपत्र आणि मग देशव्यापी निवड. पहिल्या परीक्षेचा निकाल २०२२ पासून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. त्यामुळे एकाच परीक्षेतील गुणांवर पुढे जाण्याची जुनी सोय गेली. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या मनाला लागते : भारतात एम.एस. होऊन, शेकडो शस्त्रक्रिया करून गेलेल्या माणसालाही सामान्यतः तेथे पहिल्या वर्षापासून उमेदवारी करावी लागते. जे-१ प्रकारच्या परवान्यावर गेलेल्याने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे, असाही नियम आहे. त्यातून सूट मिळविण्याच्या वाटा आहेत, पण त्या वाटांनाही अटी आहेत.

जर्मनीत शिक्षण पगारी आहे, शुल्क नाही, हे ऐकून पुष्कळजण तिकडे वळतात. तेथे अट भाषेची. रोजच्या व्यवहाराचे जर्मन यावयास हवेच, शिवाय रोग्याशी आणि सहकाऱ्यांशी बोलण्याच्या वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा आहे. वाणीविलासमध्ये ‘एल्लि नोवु’ शिकण्यास ज्याने आळस केला नाही, त्याला याचे भय वाटू नये. ज्याने सहा वर्षे बंगळुरात राहून कानडीचे चार शब्दही उच्चारले नाहीत, त्याने मात्र जर्मनीचा विचार दोनदा करावा.

मग काय करावे? माझे मत विचाराल, तर ज्यास भारतात शल्यविद्येची पदव्युत्तर जागा मिळते, त्याने ती येथे पुरी करावी आणि मग एखाद्या विशेष कौशल्यासाठी एक-दोन वर्षे बाहेर जावे. आपल्या सरकारी रुग्णालयांत सोयींची वाण असते, कामाचा भार असह्य असतो. पण हाताला काम मिळते. ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची एक योजना आहे आणि इतर देशांतही ‘फेलोशिप’च्या जागा असतात. येथे हात तयार झालेला माणूस तेथे गेला, की त्याला शस्त्र देण्यास वरिष्ठ कचरत नाहीत. अर्थात ज्याला येथे जागाच मिळत नाही, त्याला हा सल्ला म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय, हे मला कळते. आपल्याकडे शल्यविद्येच्या जागा इच्छुकांच्या मानाने थोड्या आहेत, आणि खाजगी महाविद्यालयांतील शुल्क मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा विद्यार्थ्याने जरूर बाहेर पाहावे. फक्त डोळे उघडे ठेवून.

एक फसगत विशेष सांगण्यासारखी आहे. परदेशी रुग्णालयात महिना-दोन महिने ‘निरीक्षक’ म्हणून राहण्यासाठी विद्यार्थी बरेच पैसे खर्च करतात. निरीक्षकाने पाहावयाचे, रोग्यास हात लावावयाचा नाही. ओळखी होण्यास, शिफारसपत्र मिळण्यास, तेथील रीतीभाती समजण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु घरी परतल्यावर ‘मी अमुक ठिकाणी शस्त्रक्रिया शिकून आलो’ असे जो म्हणतो, तो कार्प्यूची पहिली काही वर्षेच जगून आलेला असतो. विद्यार्थिदशेतच जावयाचे असेल, तर आपल्या महाविद्यालयाच्या संमतीने, जेथे विद्यार्थ्याला रोगी तपासू देतात असा अधिकृत पाठ पाहावा.

मूळ वैद्यकीय पदवीच परदेशातून घ्यावयाची असेल, तर २०२१ च्या नोव्हेंबरातील राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम आधी वाचावेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, तेथेच बारा महिन्यांची आंतरवासिता, त्या देशात वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता, अशा त्यांतील अटी आहेत. आणि परतल्यावर परीक्षा आहेच. दलालाच्या रंगीत पत्रकात यांतील एखादीच अट सापडते.

बंगळूरच्या लोकांना परतून आलेल्यांचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्र येथे २००१ साली हृदयरुग्णालय उभारणारे डॉ. देवी शेट्टी मंगळूरला शिकले, लंडनच्या गाय्ज रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेची उमेदवारी करून १९८९ मध्ये भारतात परतले आणि आधी कलकत्त्यास राहिले. कर्नाटकातील सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी २००३ मध्ये ‘यशस्विनी’ ही विमायोजना सुरू झाली, तिच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. आरंभी सभासदाला महिन्याला पाच रुपये भरावे लागत. लंडनमध्ये शिकलेला हात एका माणसाचे हृदय उघडतो. त्या हातापर्यंत शेतकऱ्याने पोहोचावे कसे, हा प्रश्न मात्र लंडनमध्ये कोणी शिकवीत नाही.

शिरोड्याचे, म्हणजे गोव्यातील, डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. हुबळीस शाळा, मुंबईस वैद्यक, १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस., आणि पुन्हा मुंबई. मध्यावर पुनःपुन्हा गर्भ गळून पडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाचे सैल मुख मांडीतील पडद्याच्या पट्टीने बांधून घेण्याची त्यांची रीत १९५५ साली मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाली. ‘शिरोडकर टाका’ या नावाने आज ती जगभर शिकविली जाते. विलायतेस शिकावयास गेलेल्याचा टाका विलायतेतले विद्यार्थी शिकतात.

तेव्हा परदेशी रुग्णालयास पत्र लिहावयास आपला मुलगा किंवा मुलगी बसेल, त्या रात्री आपण शेजारी बसा. शुल्क किती, पगार किती, राहण्याची सोय काय, हे विचारून झाल्यावर आणखी तीन ओळी लिहावयास सांगा. या जागेवर गेल्या वर्षी असलेल्या उमेदवाराने स्वतःच्या हाताने कोणत्या शस्त्रक्रिया केल्या आणि किती? प्रत्येकीच्या वेळी शेजारी कोण उभे होते? आणि ती जागा सोडल्यावर तो कोठे गेला? सर्जनच्या उमेदवाराने केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही ठेवावी लागते. त्यामुळे ही उत्तरे त्यांच्याजवळ असतातच. उत्तर आले, तर ते जपून ठेवा. आले नाही, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आणखी एक पत्र दुसऱ्या रुग्णालयाला घाला.